‘प्रेमसंबंध तत्काळ कळवावेत’ हे वाक्य काढून टाका

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख आणि अंतर्गत समित्यांच्या पीठासीन अधिकारी,
महाराष्ट्रातल्या कंपन्या, बँका, रुग्णालये आणि महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांच्या सेवा-नियमावलीत एक वाक्य असते : ‘कर्मचाऱ्यांनी परस्परांमधील प्रेमसंबंध व्यवस्थापनास तत्काळ कळवावेत.’ काही ठिकाणी त्याला ‘अन्यथा शिस्तभंगाची कारवाई’ अशी शेपटीही असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या निरनिराळ्या अंतर्गत समित्यांवर आम्ही बाहेरचे सदस्य म्हणून काम करतो. ते वाक्य काढा, हे सांगायला हे पत्र आहे. त्याच्या जागी काय लिहायचे आणि ते पाळायचे कसे, तेही सांगतो.

प्रेमसंबंध नेमका कधी सुरू होतो? दोघे टपरीवर रोज चहाला जायला लागले तेव्हा, की घरी सांगितले तेव्हा? ज्याची सुरुवात ठरवता येत नाही ते ‘तत्काळ’ कळवणार कसे? म्हणून हा नियम कुणी पाळत नाही. पुढे एखाद्यावर राग निघायचा असला की मात्र तो बरोबर आठवतो. ज्यांनी सांगावे असे तुम्हाला वाटते ते वरिष्ठ गप्प राहतात आणि सापडतात ती खालच्या पदावरची दोन पोरे.

शिवाय सांगण्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. एका जातीतली, लग्न ठरलेली जोडी पेढे वाटून सांगेल. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला तीच माहिती घरी पोचली तर जिवावर बेतू शकते. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याबद्दल बोलायचे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. पण भाड्याचे घर आणि आईवडिलांचा दरवाजा त्या तारखेला आपोआप उघडला नाही. अशा माणसाकडून तुम्ही सही करून काय मागताय, याचा विचार करा.

नोकरी देणाऱ्याने लग्नात नाक खुपसायची खोड आपल्याकडे जुनी आहे. मुंबईतल्या एका औषध कंपनीत मुलींचे लग्न झाले की नोकरी आपोआप संपे. कामगार संघटना साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली तेव्हा ते कलम रद्द झाले. ही गोष्ट इतिहासजमा झाली असे म्हणावे, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला लष्करी परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी महिलेला ६० लाख रुपये द्यायला सांगावे लागले, कारण लग्न केले म्हणून तिला सेवेतून काढले होते.

आता त्या वाक्याच्या जागी काय. आमचा मसुदा असा : ‘ज्या व्यक्तीशी आपले जवळचे वैयक्तिक नाते आहे, तिचे मूल्यमापन, पगारवाढ, बढती, रजा, चौकशी किंवा बिलाची मंजुरी आपल्या हातात असेल, तर त्या व्यक्तीबाबतचे निर्णय आपल्याकडे नसावेत, एवढे वरच्या पदावरील व्यक्तीने कळवावे.’ यात ‘प्रेम’ हा शब्द नाही, आणि तो मुद्दाम नाही. नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी, भाचा, मेहुणा, धंद्यातला भागीदार, सगळ्यांना एकच ओळ पुरते. (प्रेमाची जोडपी हुडकत बसणाऱ्या कार्यालयात साहेबांचा भाचा खरेदी विभागात आरामात बसलेला असतो, हेही जाता जाता पाहून घ्या.) कळवण्याची जबाबदारी वरच्यावर आहे, खालच्यावर नाही. आणि नात्याचा प्रकार विचारायचा नाही. ‘किती दिवसांपासून?’, ‘लग्नाचा विचार आहे का?’ हे प्रश्न अर्जात नकोत आणि तोंडीही नकोत.

ज्या जोड्यांच्या कामात अधिकाराचा असा धागा नाही, त्यांच्याकडून काहीही मागू नका. दोन वेगळ्या प्रोजेक्टवरचे दोन इंजिनिअर एकत्र सिनेमाला गेले, हा कंपनीचा विषय नाही.

कुठे धागा असतो हे मात्र बारकाईने शोधावे लागते, कारण तो नेहमी वर-खाली जात नाही. बँकेच्या शाखेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात आणि संगणकावर एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासायची असते. हे ‘मेकर’ आणि ‘चेकर’ एकमेकांचे जोडीदार असतील, तर दोघेही प्रामाणिक असूनही नियंत्रणच राहत नाही. अशा वेळी एकाची खुर्ची बदलली की पुरते, शाखा बदलण्याची गरज नसते. रुग्णालयात ड्युटी लावणारा आणि निवासी डॉक्टर, महाविद्यालयात पीएचडीचा मार्गदर्शक आणि विद्यार्थी, कारखान्यात ओव्हरटाइमवर सही करणारा सुपरवायझर आणि लाइनवरची कामगार, कॉल सेंटरमध्ये कॉलचे गुण देणारा आणि कॉल घेणारी : या जागा आराखड्यावर ‘रिपोर्टिंग’ म्हणून दिसत नाहीत, पण पैसे आणि पुढचे आयुष्य तिथेच ठरते.

कळवलेली माहिती एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे जावी. तिचे नाव नियमावलीत असू द्या, आणि ती व्यक्ती त्या दोघांच्या विभागातली नको. कागद वैयक्तिक फायलीत लावायचा नाही, सामायिक ड्राइव्हवर ठेवायचा नाही, ईमेलला कुणालाही प्रत पाठवायची नाही. दोघांपैकी एक जण विभाग सोडून गेला की कागद नष्ट करायचा आणि नष्ट केल्याची तारीख लिहून ठेवायची. एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते : एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिपोर्टिंग मॅनेजर’ बदलला की सगळ्या टीमला सूचना जाते आणि कारणाचा रकाना उघडा असतो. तिथे ‘कामाची फेरवाटणी’ एवढेच लिहा.

मग हलवायचे कुणाला? इथे बहुतेक कार्यालये चुकतात. पद लहान म्हणून, किंवा ‘ती तरी लग्नानंतर बदली मागणारच’ म्हणून मुलीला हलवले जाते. अधिकार ज्याच्याकडे आहे तो हलला पाहिजे, किंवा निदान त्याचा तेवढा अधिकार काढून तिसऱ्याकडे दिला पाहिजे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एका माणसापुरते मूल्यमापन वरच्या वरिष्ठाकडे देणे. टीम तीच राहते, कुणाच्या नजरेत येत नाही. हे कळवल्यापासून १५ दिवसांत व्हावे असे आम्ही सुचवतो. वर्षअखेरीच्या गुणांची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये आली असेल, तर संपूर्ण वर्षाचे गुण नव्या वरिष्ठाने नोंदींवरून द्यावेत आणि मागच्या वर्षी जुन्याने दिलेले गुणही एकदा तपासावेत. ती तपासणी त्या दोघांच्याच भल्याची असते. ती झाली नाही, तर पुढची बढती कितीही कष्टाने मिळाली तरी ‘कशी मिळाली ते माहीत आहे’ ही कुजबुज तिच्याच वाट्याला येते, त्याच्या नाही.

सरकारी बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द कुणाला लाजिरवाणा वाटत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना तर तो पाठ असतो. नात्याची नोंद कोरड्या प्रशासकीय भाषेत घेता येते, हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या नियमावलीत बहुधा नाहीच : विचारायचे कसे, आणि नकार मिळाला तर काय.

कार्यालयात कुणी कुणाला विचारूच नये, असा नियम करू नका. तो टिकणार नाही. नियम असा करा : एकदा विचारता येईल, आणि ‘हो’ सोडून आलेले प्रत्येक उत्तर ‘नाही’ समजले जाईल. मराठी माणसाला थेट ‘नाही’ म्हणणे जड जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘बघू’, ‘सध्या घरी जरा गडबड आहे’, ‘पुढच्या आठवड्यात सांगते’, नुसते हसणे, मेसेज वाचून गप्प बसणे : हे सगळे नकार आहेत. प्रशिक्षणात हे शब्द असेच्या असे वाचून दाखवा. इंग्रजीतल्या स्लाइडवर ‘अनवेलकम’ हा शब्द वाचून कुणाला काही उमजत नाही. ‘बघू म्हणजे नाही’ हे मात्र शेवटच्या रांगेतल्यालाही समजते.

काहींनी मात्र एकदाही विचारू नये. जो तिचे गुण ठरवतो, ज्याने तिची मुलाखत घेतली, जो प्रोबेशनच्या काळात तिला शिकवतो, त्याच्या विचारण्यात नकाराची किंमत आधीच मिसळलेली असते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ३ हेच सांगते : कामात झुकते माप देण्याचे किंवा नुकसान करण्याचे सूचन असले, उघड वा आडून, की लैंगिक छळाचा प्रश्न उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ६९ तर नोकरी किंवा बढतीच्या खोट्या आश्वासनावर ठेवलेल्या शारीरिक संबंधासाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते.

जागेचेही भान हवे. लिफ्ट, रात्रीची कॅब, दौऱ्यावरच्या हॉटेलचा कॉरिडॉर, लोणावळ्याची टीम-सहल : जिथून दुसऱ्याला उठून जाता येत नाही, तिथे विचारणे म्हणजे उत्तर आधीच हिरावून घेणे. आणि नंबर कुठून मिळाला हेही पाहावे. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचललेल्या नंबरवर रात्री साडेअकराला ‘झोपलीस का?’ असा मेसेज येतो, तिथून निम्म्या तक्रारींची वही उघडते, असे म्हटले तर अतिशयोक्ती व्हावी. पण फार नाही.

यावरून कॅबचा तक्ता. रात्रपाळीच्या गाड्यांचा रोजचा तक्ता बऱ्याच कंपन्यांत नाव, घरचा पत्ता, मोबाइल आणि उतरण्याची वेळ यांसह पूर्ण ग्रुपवर टाकला जातो. ज्याला नकार मिळाला आहे, त्याच्या हातात यापेक्षा सोयीचा कागद दुसरा नाही. तक्ता फक्त वाहतूक कक्षाकडे ठेवा; कर्मचाऱ्याला फक्त स्वतःची गाडी आणि वेळ कळू द्या; पत्त्याऐवजी जवळची खूण लिहा. ‘माझा रूट बदलून द्या’ अशी विनंती आली तर घराचा पत्ता खरोखर बदलला आहे का ते पाहा. एखाद्याने विनाकारण ठरावीक गाडीत जागा मागणे ही पाठलागाची पहिली खूण असू शकते. आणि स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे, मग तो फोनवर असो की इंटरनेटवर, हा संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हाच आहे : पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

रिसेप्शनवरच्या माणसालाही दोन ओळी शिकवा. ‘ती आज कुठल्या शिफ्टला आहे?’ असा फोन आला तर, तो भावाचा असला तरी, उत्तर एकच : ‘निरोप सांगा, देतो.’ घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे असते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस ३० दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागलेली असते. त्या महिन्यात नोकरीची जागा हाच त्यांचा सर्वांना ठाऊक असलेला पत्ता असतो. त्याच काळात कुणी नोकरीचा दाखला किंवा चार दिवसांची रजा मागितली, तर कारण विचारत बसू नका. ‘आपत्कालीन संपर्क’ म्हणून आईवडिलांचा नंबर दिला असला, तरी तो अपघातासाठी आहे, चौकशीसाठी नाही.

सहकाऱ्यांच्या चेष्टेबद्दल थोडे. ट्रॅडिशनल डेला ‘नाव घे, नाव घे’ म्हणून एखाद्या मुलीला शेजारच्या टेबलावरच्याचे नाव उखाण्यात घ्यायला लावणे, वार्षिक कार्यक्रमातल्या फिशपॉन्डमध्ये दोघांवर एकच चारोळी टाकणे, ‘वहिनी’ म्हणून हाक मारणे, ‘लाडू कधी?’ : करणाऱ्यांना हे सगळे निरुपद्रवी वाटते. प्रत्येक चेष्टा कायद्याच्या व्याख्येत बसणार नाही, तिला ओढूनताणून बसवूही नये. पण फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या आधी दोघांनी वाचून गाळाव्यात, एवढी शिस्त कार्यक्रम करणाऱ्यांना लावता येते. हाक मारणे थांबवा असे एकदा सांगितल्यावरही ती चालू राहिली, तर ती चेष्टा उरत नाही. नाते तुटल्यावर या ‘वहिनी’चे काय होते, ते त्या टेबलावर आठ तास बसून पाहावे लागते.

नाते तुटल्यावर करायच्या गोष्टी कोरड्या आहेत. एकमेकांचे पासवर्ड ठाऊक असतात, ‘काय झाले?’ न विचारता त्याच दिवशी दोघांचेही बदलून द्या. बसण्याची जागा किंवा शिफ्ट बदलून हवी असेल, तर कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढे पुरेसे धरा. सीसीटीव्हीचे चित्रण दोन सह्यांशिवाय कुणालाही काढता येऊ नये आणि कोणी केव्हा पाहिले याची नोंद राहावी. जिन्यात हात धरलेल्या दोघांची क्लिप सुरक्षारक्षकाच्या मोबाइलवरून फिरते, तेव्हा चूक हात धरणाऱ्यांची नसते.

आणि समितीवरच्या मंडळींनो, ‘त्यांचे आधी प्रेमप्रकरण होते, तेव्हा यात छळ कसला?’ हे वाक्य कार्यवृत्तात लिहू नका. कालचा होकार आजच्या वागणुकीला लागू होत नाही. नको म्हटल्यानंतर काय घडले, त्याच्या तारखा आणि मेसेज मागा. तक्रार करण्याची तीन महिन्यांची मुदतही शेवटच्या घटनेपासून मोजायची, नात्याच्या सुरुवातीपासून नाही. सबळ कारण असेल तर लेखी नोंद करून ती आणखी तीन महिने वाढवता येते.

सर्वांत जास्त नुकसान करते ती ‘समजूत’. तक्रार तोंडी आली की एचआरमधले कुणीतरी दोघांना एका खोलीत बसवते, हस्तांदोलन करवते आणि विषय मिटला म्हणते. कायद्यात समेटाला जागा आहे, पण कलम १० नुसार तो चौकशीआधी, तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर नव्हे. तिने न मागता केलेल्या समजुतीत तीन महिने निघून जातात, मेसेज पुसले जातात, साक्षीदार नोकरी सोडतात. लेखी तक्रार करायला मदत करणे हे समितीचे काम आहे. तक्रार आली की सात कामाच्या दिवसांत प्रत समोरच्याला, त्याचे उत्तर दहा कामाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि ६० दिवसांत त्यावर कारवाई. सुनावणीला पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हवेत आणि वकील कुणालाच नको. दरम्यान त्याने तिचे गुण देऊ नयेत, अशी शिफारस तिच्या लेखी विनंतीवरून समितीला करता येते. या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम ८ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे, तरी आम्हाला तो क्वचितच वापरलेला दिसतो.

घाईही तितकीच महागात पडते. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये तक्रारी झाल्या. समितीने सुनावण्या इतक्या भराभर उरकल्या की त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधीच मिळाला नाही, असे म्हणत मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण परत समितीकडे पाठवले. १४ वर्षांनंतर तक्रारदार आणि तो, दोघेही पुन्हा पहिल्या पायरीवर.

उलट, परस्परसंमतीने एकत्र असलेल्या दोघांबद्दल तिसऱ्याने टाकलेले निनावी पत्र समितीपुढे आणू नका. ते या कायद्याचे काम नाही. आणि हा कायदा फक्त स्त्रीच्या तक्रारीसाठी असला, तरी पुरुष किंवा तृतीयपंथी कर्मचाऱ्याला नको असलेला पाठपुरावा होत असेल, तर शिस्तीच्या नियमांखाली तीच मुदत आणि तीच गुप्तता द्यायला तुम्हाला कुणीही अडवलेले नाही.

मसुदा संचालकांपुढे जायला वेळ लागेल, ठाऊक आहे. तोवर दोन कामांना कुणाची मंजुरी लागत नाही. कॅबचा तक्ता आजच ग्रुपवरून काढा. आणि खाली जाऊन सूचनाफलकावरची समितीची यादी वाचा : सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, आणि यादीतली एखादी व्यक्ती केव्हाच नोकरी सोडून गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्या नावापुढचा नंबर लावून पाहा.

आपले,
अंतर्गत समित्यांवर बाहेरचे सदस्य म्हणून काम करणारे आम्ही काही जण